चौघांचा प्रकल्प, एकाचा कोड: सॉफ्टवेअर आणि गटकाम शिकण्याविषयी

संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाचा अनुभव सविस्तर लिहून काही प्रश्न विचारले आहेत. चौघांच्या गटाने वसतिगृहाच्या मेससाठी एक अ‍ॅप तयार केले. विद्यार्थ्याने ‘उद्या जेवण नको’ असे कळवायचे, खाड्यांची नोंद राहायची आणि महिनाअखेरीस खाडे वजा करून बिल निघायचे, अशी कल्पना होती. प्रश्न विचारणाऱ्याने फ्रंटएंड (वापरणाऱ्याला पडद्यावर दिसणारा भाग) घेतला, दुसऱ्याने बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा भाग), तिसऱ्याने डेटाबेस (नोंदी साठवणारा भाग). चौथ्या मैत्रिणीकडे अहवाल आणि ‘माहिती गोळा करणे’ आले. सबमिशन आठवड्यावर आले तेव्हा तुकडे जोडायला घेतले, ते जुळेनात, आणि शेवटी बॅकएंडवाल्याने रात्री जागून बहुतेक सगळे पुन्हा लिहिले. अहवालात ‘या प्रकल्पातून आम्ही संघभावना शिकलो’ असे वाक्य गेले, ते आता खोटे वाटते, असे हा विद्यार्थी लिहितो. त्याचे प्रश्न असे: हे एकट्याने केले असते तर लवकर झाले नसते का, गटात काम करणे शिकायचे तरी कसे, आणि त्यात वेळ घालवण्यापेक्षा नोकरीसाठी आणखी एखादे फ्रेमवर्क (अ‍ॅप उभारण्याचा तयार सांगाडा) शिकलेले बरे नाही का?

मी बरीच वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटांबरोबर काम करते आहे आणि नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांचे पहिले वर्ष जवळून पाहणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तुम्हाला ते वाक्य खोटे वाटले, हे फार चांगले लक्षण आहे. तुमच्या गटात भांडण नव्हते, आळस नव्हता, मैत्रीही होती. तरीही काम फसले. म्हणजे कारण स्वभावांमध्ये शोधून उपयोग नाही, ते काम ज्या पद्धतीने वाटले गेले त्यात शोधावे लागेल. गटकाम ही कोडपासून वेगळी, ‘सॉफ्ट स्किल’च्या तासाला शिकायची गोष्ट आहे, अशी समजूत महाविद्यालयांत घट्ट बसलेली आहे. माझ्या मते गटकाम शिकायचे ते कोडमध्येच: काम कुठे तोडायचे, तुकडे किती लवकर जोडायचे आणि दुसऱ्याला वाचता येईल असे कसे लिहायचे, या तीन ठिकाणी.

आधी काम तोडण्याविषयी. फ्रंटएंड, बॅकएंड, डेटाबेस आणि अहवाल ही वाटणी मी इतक्या प्रकल्पांत पाहिली आहे, की ती जणू अभ्यासक्रमातच लिहिलेली असावी. ती सोयीची वाटते, कारण प्रत्येकाला आपापल्या खोलीत बसून काम करता येते. अडचणही नेमकी तीच आहे. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली एक निरीक्षण मांडले होते: माणसांचा गट जी प्रणाली तयार करतो, तिच्या रचनेत त्या गटातल्या आपसांतल्या संवादाची रचनाच उतरते. तुमचा गट तीन महिने एकमेकांशी कामाबद्दल बोललाच नाही, म्हणून तुमच्या अ‍ॅपचे तुकडेही एकमेकांशी बोलेनात. थरांप्रमाणे केलेल्या अशा आडव्या वाटणीत शेवटच्या दिवसापर्यंत वापरता येण्याजोगे काहीच तयार होत नाही. प्रत्येकाचे काम ‘नव्वद टक्के झाले’ असे सांगितले जाते, ते मनापासूनच सांगितले जाते, आणि ते तपासण्याचा कोणताही मार्ग कोणाकडेच नसतो.

तुम्ही ज्या बगचा, म्हणजे कोडमधल्या चुकीचा, उल्लेख केला आहे, तो या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. रात्री साडेबाराला कोणी ‘उद्या जेवण नको’ हे बटण दाबले, की खाडा भलत्याच तारखेला पडत असे. फोनच्या हिशेबाने मध्यरात्र उलटून पंधरा तारीख लागलेली होती, म्हणून पडद्यावर ‘उद्या’ म्हणजे सोळा दिसे. सर्व्हरचे घड्याळ मात्र जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे अजून चौदा तारखेचे संध्याकाळचे सात वाजलेले, म्हणून त्याचा ‘उद्या’ पंधरा. तुम्ही म्हणालात की दोष बॅकएंडचा, बॅकएंडवाला म्हणाला की फ्रंटएंडचा. दोघांचा कोड आपापल्या जागी बरोबर होता. चूक दोघांच्या मधल्या जागेत होती आणि ती जागा वाटणीत कोणाच्याच वाट्याला आलेली नव्हती. शिवाय तिसरा अर्थ राहिलाच: अजून झोपायला न गेलेल्या विद्यार्थ्याच्या मनात साडेबाराला ‘उद्या’ म्हणजे उजाडणारी सकाळ असते, म्हणजे पंधराच. हा प्रश्न कोणत्याही फ्रेमवर्कने सुटत नाही. तो सुटतो चौघांनी अर्धा तास बसून असे ठरवल्याने, की ‘उद्या’ हा शब्द सर्व्हरकडे जाणारच नाही, नेहमी पूर्ण तारीख जाईल, आणि बटणावरही वारासह तारीखच दिसेल. ठरलेली ही एक ओळ रेपॉझिटरीतल्या (प्रकल्पाचा सगळा कोड ठेवण्याच्या जागेतल्या) एखाद्या साध्या फाइलमध्ये लिहून ठेवली, की तो तुमच्या दोघांमधला करार होतो.

अनुभवी माणसेही या मधल्या जागेत पडतात. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. जमिनीवरच्या एका प्रोग्रामने यानाच्या इंजिनांनी दिलेल्या रेट्याचे आकडे पौंड-बल-सेकंदांत दिले आणि ते वापरणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे. जोडणीच्या जागी आकडा गेला, एकक गेले नाही.

म्हणून पुढच्या वेळी काम उभे तोडा. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालती करा: एका विद्यार्थ्याने एका दिवसाचा खाडा लावला, तो साठवला गेला, आणि मेस मॅनेजरच्या पडद्यावर उद्याच्या जेवणाऱ्यांचा आकडा एकाने कमी झाला. लॉगिन नको, रंगसंगती नको, बिलही नको. दिसायला ते अगदी कच्चे असेल. पण त्यात पडद्यापासून डेटाबेसपर्यंतचे सगळे थर असतील आणि चौघांना ते हातात धरून दाखवता येईल. त्यानंतर एकाने बिलाची बाजू पूर्ण घ्यायची, दुसऱ्याने सुट्ट्यांची, तिसऱ्याने पाहुण्यांच्या जेवणाची. प्रत्येकाने आपल्या तुकड्यासाठी लागेल तेवढा पडदाही करायचा आणि लागेल तेवढा डेटाबेसही. प्रत्येकाला सगळे थोडेथोडे शिकावे लागते, त्यामुळे सुरुवातीला वेग कमी पडतो, हे खरे आहे. पण तुम्ही शिकायलाच आलेले आहात, आणि फक्त फ्रंटएंड करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला आपल्या बटणामागे काय घडते हे सांगता येत नाही, हे मी मुलाखतींत वारंवार पाहते.

तुमच्या अहवालात वॉटरफॉल मॉडेलची, म्हणजे एक टप्पा संपल्यावरच पुढचा सुरू करण्याच्या पद्धतीची, आकृती असेलच. बहुतेक ब्लॅक बुकांत (छापील प्रकल्प-अहवालांत) ती असते. ज्या १९७० सालच्या लेखामुळे ती आकृती प्रसिद्ध झाली, त्यातच विन्स्टन रॉइस यांनी असे सरळ एकामागून एक टप्प्यांनी काम करणे धोक्याचे आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारे आहे, असे लिहिले होते. आकृती राहिली, इशारा विसरला गेला. तुम्ही जे शेवटच्या आठवड्यात अनुभवले, तोच तो इशारा होता.

आता जोडण्याविषयी. तुमचा गट झिप फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होता आणि गिटहब या संकेतस्थळावरची रेपॉझिटरी फक्त गाइडना (मार्गदर्शक प्राध्यापकांना) दाखवण्यापुरती होती, असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी तयार केले, कारण जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांना एकाच कोडवर काम करायचे होते आणि आधी वापरात असलेले साधन मोफत वापरायची सोय बंद झाली होती. म्हणजे गिटचा जन्मच गटकामाच्या अडचणीतून झालेला आहे. तुम्हाला गिटच्या आज्ञा पाठ असतील, कमिट (बदलाची नोंद) आणि पुश (ती नोंद सामायिक जागी पाठवणे) करता येत असेल. पण गिट तुमच्याकडून एक सवय मागते, ती म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त काळ आपला कोड इतरांपासून वेगळा न ठेवण्याची. तीन आठवडे वेगळी राहिलेली ब्रँच (कोडची शाखा) मर्ज करणे, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळणे, त्रासदायक असते, याचे कारण गिट अवघड आहे हे नव्हे. तीन आठवड्यांत दोन माणसांनी एकमेकांना न विचारता घेतलेले सगळे निर्णय त्या एका दुपारी समोर येतात.

कॉन्फ्लिक्टची, म्हणजे मर्ज करताना दोघांचे बदल एकमेकांवर आदळण्याची, नवख्यांना फार भीती वाटते, म्हणून त्याकडे जरा जवळून पाहू. फाइलमध्ये सात ‘<’ चिन्हांची एक ओळ येते, तिच्याखाली तुमचा मजकूर; मग सात ‘=’ चिन्हे, त्यांच्याखाली सहकाऱ्याचा मजकूर; शेवटी सात ‘>’ चिन्हे. गिट एवढेच म्हणते, की या ओळी तुम्ही दोघांनीही बदलल्या आहेत आणि यातले खरे कोणते हे मला ठरवता येत नाही. अशा वेळी घाबरलेला विद्यार्थी आपली बाजू ठेवतो आणि दुसऱ्याची पुसून टाकतो. कोड चालू लागतो, पण सहकाऱ्याने दोन दिवस खपून दुरुस्त केलेला बग परत येतो. अशा वेळी त्या ओळी ज्याने लिहिल्या त्याला फोन करावा आणि ‘हे तू कशासाठी बदललेस?’ असे विचारावे. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात गटकामाचे जेवढे शिक्षण होते, तेवढे कोणत्याही कार्यशाळेत होत नाही.

याच कारणासाठी कमिटचा संदेश नीट लिहायला हवा. ‘बग फिक्स केला’ आणि ‘अपडेट’ या संदेशांतून सहा आठवड्यांनी कोणालाच काही कळत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. त्याऐवजी ‘महिनाअखेरीला सुरू होऊन पुढच्या महिन्यात संपणारे खाडे बिलात धरले जात नव्हते, आता मोजणी महिन्याऐवजी सलग दिवसांवर होते’ असे लिहिले, तर बदलाचे कारण कोडबरोबरच राहते. काय बदलले हे गिट दाखवतेच. का बदलले हे फक्त तुम्हीच लिहू शकता. हा संदेश मराठीत लिहिला तरी काही बिघडत नाही, चौघांना कळणे महत्त्वाचे.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे, कारण त्यातून तुमच्या चौथ्या मैत्रिणीच्या कामाकडे येता येते. तिने ‘फक्त अहवाल लिहिला आणि इकडेतिकडे विचारपूस केली’ असे तुमचे शब्द आहेत. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिता, की मेस मॅनेजरांशी बोलून तिने एक नियम आणला होता: सलग तीन किंवा अधिक दिवसांचा खाडा असेल तरच पैसे वजा होतात. हा नियम कळेपर्यंत कोड लिहून झाला होता, म्हणून तो घाईने प्रत्येक महिन्याच्या हिशेबात बसवला गेला. आता एखादा विद्यार्थी ३० मार्च, ३१ मार्च आणि १ एप्रिल असे तीन दिवस गावी गेला, तर मार्चमध्ये त्याचे दोन खाडे दिसतात, एप्रिलमध्ये एक, आणि वजावट शून्य होते. खऱ्या मेसमध्ये या एका गोष्टीवरून महिनाभर वाद झाला असता. हे तीन दिवस धरायचे ठरले, तरी वजावट कोणत्या महिन्याच्या बिलात द्यायची, हा पुढचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर संगणकाजवळ नाही, मॅनेजरांजवळ आहे. तुमच्या संपूर्ण प्रकल्पातले सर्वांत मोलाचे काम माझ्या मते त्या मैत्रिणीने केले, आणि गटाने ते काम म्हणून मोजलेच नाही. तिने पहिल्या आठवड्यात मॅनेजरांशी बोलून असे दहा नियम उदाहरणांसह लिहिले असते, आणि तुम्ही त्यांतल्या प्रत्येक उदाहरणाची एक चाचणी (उत्तर बरोबर येते का ते आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहून ठेवली असती, तर तीच चाचण्यांची फाइल तुमच्या गटाची सामायिक भाषा झाली असती. तिने कोडही लिहायलाच हवा होता, हे मी मान्य करते. पण ती जबाबदारी तिच्या एकटीची नाही. मुलींकडे अहवाल आणि सादरीकरण सरकवण्याची प्रथा अनेक गटांत अजून आहे, आणि त्याची किंमत त्या मुली पुढे मुलाखतींत मोजतात.

रात्री जागून सगळे पुन्हा लिहिणाऱ्या मित्राविषयी तुमच्या मनात कृतज्ञता आहे आणि ती असायला हवी. तरीही त्या रात्री काय घडले ते नीट पाहा: तिघांचा कोड कचऱ्यात गेला, उरलेला कोड एकालाच कळतो, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) प्रश्न विचारला तेव्हा बाकीचे तिघे त्याच्याकडे पाहू लागले. कामाच्या ठिकाणी असा सहकारी आजारी पडला किंवा सोडून गेला, की गट ठप्प होतो. यावर उपाय म्हणजे कोड रिव्ह्यू. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली दुसऱ्यांनी कोड वाचून दोष शोधण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. आजची पुल रिक्वेस्टची (आपला बदल मर्ज करण्याआधी इतरांना वाचायला देण्याची) पद्धत त्याहून पुष्कळ हलकी आहे, पण गाभा तोच आहे. विद्यार्थ्यांच्या गटात मैत्री आड येते. ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणून सगळे जण न वाचताच अंगठा दाखवतात. सुरुवातीला एकच नियम करा: वाचणाऱ्याने किमान एक खरा प्रश्न विचारल्याशिवाय कोड मर्ज होणार नाही. ‘हे चुकीचे आहे’ असे लिहू नका. ‘खाड्याची सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची आली तर इथे काय होईल?’ असे विचारा. अशा प्रश्नाने कोणी दुखावत नाही, आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच उत्तर सुचते. मर्यादा एवढीच, की आठशे ओळींचा बदल कोणीही मनापासून वाचू शकत नाही. बदल लहान ठेवणे हा वाचणाऱ्याचा मान राखण्याचा भाग आहे.

एकट्याने केले असते तर लवकर झाले असते का? हो, या आकाराचे अ‍ॅप कदाचित झाले असते. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीच्या अवाढव्य प्रकल्पाच्या अनुभवावरून १९७५ साली लिहिले, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याच्या वाटा झपाट्याने वाढतात: चार जणांत जोड्या सहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस. गटाने काम करणे महागच असते. ते करावे लागते, कारण कामाला येणारे बहुतेक सॉफ्टवेअर एका डोक्यात मावत नाही आणि एका माणसाच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षे चालते. तुमच्या प्रकल्पाचा आकार लहान आहे, म्हणून तो सरावासाठी योग्य आहे. चुकले तर कोणाची बँक बंद पडत नाही.

गटात एखादा जण खरोखरच काही करत नसेल, तर शेवटच्या महिन्यापर्यंत वाट पाहू नका. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे बसा आणि प्रत्येकाने चालणारी गोष्ट दाखवावी, नुसते तोंडी सांगू नये. दोनदा काहीच दाखवले नाही, तर तिसऱ्या वेळी त्याच्या शेजारी बसून एकाच संगणकावर एकत्र काम करा. अनेकदा असे आढळते, की त्याच्या लॅपटॉपवर प्रकल्प चालूच होत नव्हता आणि हे सांगायची त्याला लाज वाटत होती. त्यानंतरही काही बदलले नाही, तर गाइडना वेळेवर आणि त्याच्यासमोर सांगा.

फ्रेमवर्कच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. एक भाषा आणि एक फ्रेमवर्क नीट येणे आवश्यक आहे. तिसरे आणि चौथे शिकल्याने तुमची किंमत फारशी वाढत नाही. तो वेळ दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात घाला. नोकरीतल्या पहिल्या वर्षी तुम्ही स्वतः लिहाल त्यापेक्षा कितीतरी जास्त कोड वाचाल, आणि त्याचा सराव अभ्यासक्रमात जवळजवळ नाही. एखाद्या मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पातले नवख्यांसाठी राखून ठेवलेले एखादे छोटे काम घ्या. तिथे अनोळखी माणूस तुमचा बदल वाचतो, प्रश्न विचारतो, आणि तुम्हाला लेखी उत्तर द्यावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोड लिहून घ्यायलाही माझी हरकत नाही, मात्र त्याची जबाबदारी घेण्याआधी तो कोड आपल्या सहकाऱ्याला ओळीओळीने समजावून सांगता आला पाहिजे. न वाचलेला कोड गटात आणणे म्हणजे आपले वाचण्याचे काम इतर तिघांवर ढकलणे होय.

प्रकल्प संपला असला तरी रेपॉझिटरी तुमच्याजवळ आहे. चौघांनी मिळून दोन शनिवार द्या आणि फक्त महिनाअखेरच्या खाड्यांची वजावट दुरुस्त करा: मैत्रिणीने मॅनेजरांना पुन्हा भेटून नियम लिहावा आणि त्याची चाचणीही तिनेच लिहावी, बदल तुम्ही करावा, बॅकएंडवाल्या मित्राने तो वाचावा, डेटाबेसवाल्याने जुन्या नोंदी तपासाव्यात. मुलाखतीत गटाच्या प्रकल्पाबद्दल विचारले, की संघभावनेवर बोलू नका. ३० मार्च ते १ एप्रिल या तीन दिवसांची हकिगत सांगा, त्यात तुम्ही काय केले आणि इतर तिघांनी काय केले ते नावानिशी सांगा. मी समोर बसलेली असेन, तर माझा पुढचा प्रश्न त्या चाचणीबद्दल असेल.